चाळिसावी ओळ

नोकरीला लागून आठवडा होत नाही तोच तिचं घोडं कंपनीच्या जुन्या कोडमध्ये अडलं. तिने त्यातल्या दहाच ओळी ऑनलाइन फोरमवर टाकून मदत मागितली. पाच मिनिटांत एका अनोळखी माणसाने चूक दाखवून दिली. खाली त्याने लिहिलं होतं, "चाळिसावी ओळही बदला. ती एक दिवस दगा देईल."

चाळिसावी ओळ तिने टाकलीच नव्हती! शेजारच्या सहकाऱ्याकडे संशयाने बघत तिने स्क्रीन आपल्याकडे वळवली आणि टाइप केलं, "माझा कोड चोरून बघताय?"

लगेच उत्तर आलं, "बघायला कशाला हवा? मीच लिहिलाय तो. चूक सांगायच्या आतच साहेबांनी कामावरून काढलं. सहा वर्षं रोज इथे डोकावतोय, त्या खुर्चीवरून कुणी विचारतंय का."