ओबेडची हरकत

विधानसभेचं अधिवेशन दुपारी बाराच्या ठोक्याला संपणार होतं, आणि ओबेड व्हिटकमच्या पुलाचं विधेयक अजून टेबलावरच पडून होतं.

म्हातारा दारवान शिडी घेऊन भिंतीवरच्या घड्याळाखाली आला. शेवटच्या दिवशी दर वर्षी हेच चालायचं. लंबक अडवायचा आणि राहिलेली विधेयकं उरकून घ्यायची. मात्र एका सभासदाची हरकत आली तरी ते करता येत नसे, आणि गेली दोन वर्षं ओबेड एकटा उठून हरकत घेत होता. सूर्य डोक्यावर आला तरी आत बारा वाजलेच नाहीत म्हणायचं, हा त्याला शुद्ध खोटेपणा वाटे. गावाकडे लोक त्याला मानत ते यासाठीच.

"काय रे ओबेड," शेजारच्या बाकावरचा क्रँडल तंबाखू थुंकून म्हणाला, "आज तोंडात बोळा घातलाय का?"

सभापती लेथ्रॉप चष्म्यावरून पाहत होते. "व्हिटकमसाहेबांची हरकत नसेल तर घड्याळ थांबवू. तुमचा पूलही होऊन जाईल त्यात."

बर्फ वितळलं की ऑटर नदी फुगायची. गेल्या वसंतात तिथेच नाव उलटून त्याच्या गावच्या पिकेटची बायको आणि मुलं गेली. पुढचा पूर यायच्या आत पूल बांधून घेतो, असा ओबेडने पिकेटला शब्द दिला होता.

"हरकत नाही," तो म्हणाला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दारवानाने लंबक अडकवून ठेवला. काटा बाराला टेकायचाच काय तो राहिला होता. पहिलं विधेयक निघालं ते रेल्वे कंपनीला नदीकाठची जमीन फुकट देण्याचं. ओबेडने तेच अख्खं अधिवेशनभर रोखून धरलं होतं. तो ताडकन उठला.

"यावर चर्चा झाली पाहिजे."

"चर्चेला वेळ कुठाय, व्हिटकमसाहेब?" सभापती म्हणाले. "बारा वाजत आलेत."

सगळं सभागृह हसलं. मग एकामागून एक विधेयकं मंजूर होत गेली. ओबेड दर वेळी उठून पुलाचं विचारी, आणि "येतंय, येतंय" म्हणून त्याला खाली बसवत. खिडकीतलं ऊन बाकांवरून सरकत समोरच्या भिंतीवर चढलं. रागाने त्याचे कान तापले होते, पण घड्याळाकडे बोट दाखवायची सोय त्याला आता उरली नव्हती.

अखेर टेबलावर एकच कागद राहिला. ओबेड उभा राहिला.

"सभापती महोदय, ऑटर नदीवरचा पूल..."

लेथ्रॉपनी दारवानाकडे पाहून मान हलवली. म्हातारा शिडी चढला आणि त्याने लंबक सोडून दिला.

ओबेड बोलतच राहिला. बाहेर दिवेलागण झाली होती, आणि त्याच्या डोक्यावर घड्याळ दुपारच्या बाराचे ठोके देऊ लागलं.