स्टार नसलेली ओळ

“सर, ते स्टारचं चिन्ह द्यायला विसरलं तर कॉम्प्युटर रुसतो का हो?”

वर्ग खदखदला. मैत्रिणींनी पैज लावली होती, ‘असलं काही सरांना विचारून दाखवच!’ आणि ही पठ्ठी खुशाल उभी राहिली. शाळेच्या कँटीनसाठी प्रोग्रॅम लिहून बक्षीस पटकावल्यापासून स्वारीचे पाय जमिनीवर टेकत नव्हते.

सर मात्र हसले नाहीत. “रुसला असता तर बरं झालं असतं. स्टार असला की मेथडच्या, म्हणजे नोंद बदलणाऱ्या सूचनांच्या, हाती मूळ नोंद लागते. नसला की नुसती तिची कॉपी. बदल होतो तो कॉपीत. काम संपलं की कॉपी जाते, आणि मूळ नोंद जशीच्या तशी.”

“पण मग एरर येतो ना?”

“कसला एरर! हूं की चूं नाही.”

“जिंकलीस की गं, भवाने!” शेजारणीने चिमटा काढला. तिला तो जाणवलाही नाही. तिने आपला प्रोग्रॅम उघडला. कुठल्या मुलाला काय खायला चालत नाही, ते बदलणारी मेथड. स्टार नव्हता. त्याखाली तिनेच हौसेने घातलेली ओळ होती : ‘नोंद झाली! शाब्बास!’ प्रोग्रॅम तपासताना ही शाब्बासकी दिसली, की ती खूश. नोंद पुन्हा उघडून तिने कधी बघितलीच नव्हती.

मागच्या आठवड्यात पहिलीतल्या एका मुलीच्या ताटात दाण्याचं बिस्कीट गेलं. ओठ सुजले, श्वास अडकला. पोर थोडक्यात वाचली. पडद्यावर तिच्या नावापुढे ‘सगळं चालतं’ असंच होतं. नोंद करायला विसरल्या म्हणून कँटीनच्या मावशींना घरी बसवलं.

संध्याकाळी सगळं ऐकून आईने गॅस बंद केला.

“ती मुलगी बरी आहे ना आता?” बाबा म्हणाले. “मग मिटलेलं कशाला उकरतेस? तू लहान आहेस.”

“बक्षीस घेताना नव्हते.”

“अगं, शाळेतून काढतील तुला!” आईचा आवाज चिरकला.

“काढू देत. उद्या मी मुख्याध्यापक बाईंना सांगणार आहे. येताना मावशींकडे जाऊन आले. म्हटलं, ‘तुम्ही नोंद केली होती, मावशी.’ तर उलट मलाच समजावतात, ‘नाही गं बाळा, माझ्याच हातून राहिली असेल.’ आई, त्यांनासुद्धा आता तसंच वाटायला लागलंय.”