शपथ कुठं मोडली?

गावदेवीसमोर हातात तांदूळ घेऊन प्रज्वलने शपथ घेतली, की बायकोशी पुन्हा खोटं बोलणार नाही. तेव्हापासून त्याची पार गोची झाली होती. मग मोबाइलवर त्याला लोजबान नावाची, तर्कावर बेतलेली भाषा सापडली. तिच्यात म्हणे हुकूम आणि प्रश्न खरेही नसतात, खोटेही नसतात. गड्याला देवीच पावली! त्याने ही अक्कल रेश्मालाही फुशारकीने ऐकवली.

आज भाताची लावणी सोडून तो दिवसभर शहापुरात कॅरम खेळला आणि येताना मुद्दाम पाय चिखलात बुडवून घरी आला.

"शेतात गेलेलात? हो का नाय, तेवढं सांगा," रेश्मा म्हणाली.

"हा चिखल काय आभाळातून पडला? बघ ना पाय! आन् जेवायला वाढ गो लवकर!"

रेश्माने झाकलेलं ताट त्याच्या पुढ्यात ठेवलं. "जेवा पोटभर. बोंबलाचं कालवण झणझणीत झालंय ना?"

प्रज्वलने झाकण उचललं. ताट घासूनपुसून लख्ख होतं.



"काय ओ," रेश्माने विचारलं, "मी खोटं बोलले काय?"