शुद्ध खूण

“ही वेगळी भाषा नाहीच. शहरातल्या बहिऱ्यांच्या खुणांचं मोडकंतोडकं रूप आहे, बस!” पाहणीला आलेल्या साहेबांनी निकाल देऊन टाकला.

“मोडकं कुणाला म्हणता हो?” तडतडी उसळली. गरम फुटाण्यासारखी उडायची, म्हणून गल्लीनंच तिला हे नाव ठेवलेलं.

खोक्यांच्या कारखान्यामागची गल्ली ही. घरटी एक तरी माणूस बहिरं, त्यामुळे ऐकू येणारेही हातांनीच बोलायचे. भाषा वेगळी ठरली तर बहिऱ्या पोरांचा वर्ग गल्लीतच निघणार. नाही ठरली तर तडतडीच्या धाकट्या भावाची रवानगी शहरातल्या वसतिगृहात. एवढंसं पोर, तेही बहिरं. आत्ता ते आत्याच्या कुशीत घुसून बसलं होतं. आत्याही बहिरी. ती खोक्यात हात घालून आतल्या कडांना खळ लावत होती.

“हे बघ.” साहेबांनी दोन्ही पंजे छपरासारखे जोडले. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र मिटलेली. “घर. ही शुद्ध खूण. तुम्ही बोटं उघडीच ठेवता. आळस, दुसरं काय!”

“छपराला भोक तुमच्या, आणि आळशी आम्ही होय?”

“तोंड सांभाळ. ही दोन बोटं मिटायचीच. घर म्हणा, आई म्हणा, पुस्तक म्हणा. नियम आहे तो.”

“कुणी केला?”

साहेब जरा अडखळले. “ते... तसं कुणालाच माहीत नाही. शहरात बहिऱ्यांची शाळा निघाली तेव्हा खुणांना बंदी होती. हात हलला की छडी. पोरांना तर एकही खूण येत नव्हती. एका मुलीला तेवढ्या येत होत्या. तिनं बाकाखालून सगळ्यांना शिकवल्या. मास्तरांनी छड्या मारमारून शेवटी तिला हाकललं. पण खुणा राहिल्या.”

तडतडी हे सगळं आत्याला हातांनी सांगत होती. ‘हाकललं’पाशी तिचे हात थांबले. आत्या हसत होती.

‘विचार त्याला,’ आत्या डाव्या हातानं म्हणाली, ‘मुलगी कुठली होती?’

तडतडीनं विचारलं.

“काय माहीत! असेल कुठल्या तरी गावची.”

आत्या उठली. पोराला बाजूला केलं. उजव्या हाताची खळ फडक्याला पुसली आणि तो हात तिनं साहेबांच्या कागदावर दाणकन ठेवला.

अंगठा आणि दोन बोटं. शेवटची दोन लहानपणीच, शहरातल्या शाळेत जायच्या आधी, कारखान्यातल्या सुरीनं नेली होती.

तडतडी दारात आडवी उभी राहिली. “हं, आता लिहा साहेब. कोण कुणाचं मोडकं रूप?”

साहेबांनी आपल्या धडधाकट हाताकडं पाहिलं. दोन बोटं अजून मिटलेलीच होती.

“मला... मला आता निघायला हवं.”