घटस्फोटाची नक्कल

उम्म बस्सामच्या मुलानं कुवेतहून बायकोला, इतिदालला, घटस्फोट दिला. तरी तिनं सासूचं घर सोडलं नाही. आता बेकरीवाल्या वासिफनं तिला मागणी घातली होती. निकाहासाठी घटस्फोटाची नक्कल हवी, पण इतिदाल टाळाटाळ करत होती. आज सासूच तिला इर्बिदच्या शरिया कोर्टात घेऊन आली. कारकुनानं जुनी नोंद शोधून नकलेवर शिक्का मारला. “सुनेला घालवायला आलेली सासू पहिल्यांदाच पाहिली,” तो म्हणाला. “घालवायला नाही, लेक उजवायला आलेय.” पण पायऱ्या उतरताना म्हातारीची पावलं जड झाली, आता ती एकटीच उरणार होती. इतिदालनं तिचा हात धरला. “खाला, तुम्ही सोबत याल तरच निकाह, असं मी वासिफला सांगितलं होतं. कालच तो कबूल झाला.” म्हातारी म्हणाली, “त्याला सांग, मला करपलेली रोटी चालत नाही.”