नववी मुलगी

अष्टमीच्या कन्यापूजनाला नऊ मुली हव्यात, आणि केनियातल्या त्या गावात, घरची पाच वर्षांची तारा धरूनही, अंजू सूदला आठच मिळाल्या. सकाळपासून तिचा जीव खालीवर होत होता.

"मम्मी, जेरोपला बसव की!" तारा म्हणाली.

जेरोप म्हणजे कामवाल्या ग्लॅडिसची मुलगी. रोज आईबरोबर यायची आणि दिवसभर मागच्या पायरीवर बसायची.

पुऱ्या गार होत चालल्या होत्या. अंजूने नाइलाजाने जेरोपला पाटावर बसवलं, परातीत तिचे पाय धुतले, तिच्या डोक्यावर लाल चुनरी घातली आणि पायांवर डोकं टेकवलं. ग्लॅडिस कावरीबावरी झाली. तिथल्या रीतीने ती अंजूला 'मामा तारा', म्हणजे ताराची आई, म्हणायची.

"मामा तारा, अहो, हे काय करताय? उठा आधी!"

"गप गं. देवी आहे ती."

दुसऱ्या दिवशी जेरोप तीच चुनरी घेऊन पुढच्या दाराने आली आणि सोफ्यावर ताराला खेटून बसली. अंजू आतबाहेर करू लागली. उशा सारख्या केल्या, पडदा ओढला, पुन्हा उघडला. शेवटी तिच्याने राहवेना.

"ग्लॅडिस, हिला मागे ने बरं. पाहुणे यायचेत."

ग्लॅडिसने लेकीला दंडाला धरून उठवलं आणि मागे नेलं.

तारा सोफ्यावरून हळूच खाली उतरली.

"मम्मी, काल मीपण देवी होते ना? मग मीपण मागच्या पायरीवर जाऊ?"