बटण दाबण्याआधी

कोळीण काही केल्या हलेना. अंगणाच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या तारेला बांधलेल्या जाळ्यात ती ऐसपैस बसली होती आणि तिच्यासमोर फोटोग्राफर जमिनीवर पालथा पडून, कोपरं सोलवटून घेत तिची मनधरणी करत होता. नवा कॅमेरा त्याच्याकडे परीक्षणासाठी आला होता आणि उद्या परत जायचा होता. आतापर्यंत त्यात जमलं होतं काय, तर थोड्या मुंग्या, एक माशी आणि ही बसलेली बया. शिकारीचा एक फोटो मिळाला असता तर कॅमेऱ्याचा कस लागला असता. पण शिकार इकडे फिरकायला तयार नव्हती.

पायरीवर त्याच्या लेकीची बरणी होती. लिंबाच्या झाडावरची अळी तिने त्या बरणीत कोवळी पानं घालून वाढवली होती, आणि आज कोषातून फुलपाखरू बाहेर आलं होतं. "मी शाळेतून आले की सोडू हं, बाबा. तोवर तू लक्ष ठेव," असं बजावून ती गेली होती. माऊ म्हणायचे तिला घरात. पाण्यात पडलेली मुंगी काडीने उचलून उन्हात वाळत घालणारी पोर. हे वेड बापानेच लावलेलं. "आपण फक्त बघायचं, हात लावायचा नाही," हे त्याचं ब्रह्मवाक्य. ते मनापासून खरं मानणारी जगात ती एकटीच होती, आणि तिच्या नजरेत आपण मोठे आहोत यावर तर त्याचं सगळं चाललं होतं.

ऊन कलायला लागलं. त्याने बरणीकडे बघितलं. मग बघितलंच नाही असं केलं. मग झाकण उघडलं.

उजव्या हाताने त्याने कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबून धरलं. डाव्या चिमटीत पंख धरून फुलपाखरू जाळ्याला टेकवलं. ते चिकटेना, म्हणून बोटाने ढकललं. कोळीण धावली. त्याने हात मागे घेतला आणि बटण पूर्ण दाबलं. डोळ्यांचं पारणं फिटावं असे फोटो आले.

माऊ आली तेव्हा जाळ्यात पंखांचे तुकडे लटकत होते.

"झाकण जरासं उघडलं, तर उडालं आणि थेट जाळ्यात," तो म्हणाला.

"मग तू सोडवलं का नाहीस?" तिला हुंदका आवरेना.

"निसर्ग आहे, बाळा. आपण मध्ये पडायचं नाही."

तिने बाहीने नाक पुसलं आणि मान डोलावली. खोटं पचलं. त्याला जरा लाजही वाटली, नाही असं नाही. पण फोटो खरंच अप्रतिम होते.

"मला बघायचंय त्याला. शेवटचं," ती म्हणाली. त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेला.

चहाला उकळी आली आणि त्याला एकदम आठवलं. या कॅमेऱ्यात एक नवी सोय होती. बटण अर्धं दाबलेलं असलं की पूर्ण दाबण्याआधीच्या काही सेकंदांचे फोटोही तो आपोआप साठवायचा. माशीचं उडणं हुकू नये म्हणून सकाळी त्यानेच ती सुरू केली होती. बंद करायची राहिली होती.

गॅस तसाच ठेवून तो बाहेर धावला. माऊ पायरीवर बसली होती. पडद्यावर त्याची दोन बोटं होती आणि बोटांमध्ये पंख. फोटो इतका स्वच्छ, की नखातली मातीसुद्धा दिसत होती.

"माऊ, ऐक ना..." तो म्हणाला. आता ती रडेल, कॅमेरा आपटेल, पुन्हा आपलं तोंड बघणार नाही. तसं झालं असतं तरी त्याने निमूट सोसलं असतं.

माऊचे डोळे कोरडे होते. तिने तो फोटो मोठा करून पाहिला, बाप पाहायचा तसाच, बारकाईने.

"तुझी बोटं मध्ये आलीत, बाबा. हे कुणाला दाखवू नकोस," ती समजुतीने म्हणाली. "शेजारच्यांच्या लिंबावर अजून अळ्या आहेत. पुढच्या वेळी मी ढकलते, माझी बोटं बारीक आहेत."